पडताळता येईल तेच घ्या : खगोलप्रतिमा, लिनक्स आणि आपला सार्वजनिक डेटा



अ‍ॅस्ट्रोसॅट, आदित्य-एल१ किंवा चांद्रयान यांपैकी कशाचीही बातमी झळकली की पुढचे काही आठवडे विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : ‘माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. खगोलीय प्रतिमांवर काम करायला कोणते सॉफ्टवेअर घेऊ?’ या प्रश्नाला दिली जाणारी उत्तरे मी बरीच वर्षे वाचत आले आहे. त्यांतली तीन पुन्हा पुन्हा भेटतात. पहिले : लिनक्स काढा, विंडोज घाला. दुसरे : अमुक महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत उतरवून घ्या, सगळे तेच करतात. तिसरे : काहीही वापरा, शेवटी चित्र सुंदर दिसले म्हणजे झाले.

तिन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि तिसरे सर्वांत घातक आहे, कारण ते ऐकायला सर्वांत निरुपद्रवी वाटते. माझे म्हणणे एका वाक्यात सांगते. सॉफ्टवेअर निवडताना कसोटी एकच असावी : त्याच मूळ फाइलवर, दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या विद्यार्थ्याला तीच कृती करून तोच आकडा काढता येईल का? या कसोटीला उतरणारी साधने लिनक्सवर आज विनामूल्य उपलब्ध आहेत. ती असताना दुसरीकडे धावणे याला मी विज्ञानशिक्षणातली हेळसांड म्हणते.

प्रथम ‘सुंदर चित्रा’चा समाचार घेऊ. दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातून जे बाहेर पडते ते संख्यांचे कोष्टक असते. प्रत्येक पिक्सेलमध्ये किती प्रकाश पडला, याची ती नोंद. १६ बिटांच्या कॅमेऱ्यात अशा ६५,५३६ पातळ्या असतात; नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाला अवघ्या २५६. त्यात भर म्हणजे चित्र डोळ्यांना बरे दिसावे यासाठी अंधुक भाग उजळला जातो आणि तेजस्वी भाग दाबला जातो. म्हणजे दुप्पट प्रकाश आला तर दुप्पट आकडा, हा सरळ हिशेब तिथेच मोडतो.

याचा परिणाम किती होतो? एचडी २०९४५८ हा तारा घ्या. १९९९ साली त्याच्यासमोरून ग्रह जाताना प्रथम पाहिला गेला; परग्रहाचे अधिक्रमण पहिल्यांदा टिपले गेले ते याच ताऱ्यावर. ग्रह समोर आला की ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने घटतो. छायाचित्रांच्या दुनियेत रूढ असलेला २.२ घातांकाचा वक्र या प्रकाशाला लावा : दीड टक्क्याची घट ०.७ टक्क्यावर येते. आणि २५६ पातळ्यांच्या चित्रात १२८ व्या पातळीवर असलेल्या पिक्सेलला एक पायरी खाली उतरायलाच ०.८ टक्के घट लागते. त्या पिक्सेलपुरता ग्रह पायरीच्या फटीत गडप झाला. खगोलछायाचित्रकार अंधुक तेजोमेघ दिसावेत म्हणून वापरतात ते वक्र याहून कितीतरी तीव्र असतात. चित्र देखणे झाले, ग्रह हरवला.

याच्या उलट उदाहरण अगदी अलीकडचे आहे. १९ मे २०२३ रोजी जपानमधील हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम१०१ या दीर्घिकेत अतिनवतारा दिसला. ही दीर्घिका सुमारे दोन कोटी प्रकाशवर्षे दूर. एसएन २०२३आयएक्सएफ या नावाने नोंदल्या गेलेल्या त्या स्फोटाचे पहिले तास संशोधकांना पुढे अभ्यासता आले, त्यात जगभरच्या हौशी मंडळींनी शोधाच्या आधीच सहज घेतलेल्या प्रतिमांचा वाटा होता. त्या रात्री त्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते की आपण इतिहास टिपत आहोत. पण तेजस्विता मोजता येईल अशा स्वरूपात प्रतिमा शिल्लक होत्या, म्हणून त्यांतून विज्ञान निघाले. ज्याने केवळ रंगवलेले चित्र ठेवले आणि मूळ प्रतिमा पुसून टाकल्या, त्याच्याकडे अशा वेळी दाखवायला शोभेची वस्तू उरते, पुरावा उरत नाही.

आता देशाकडे वळू, कारण ही चर्चा छंदापुरती मर्यादित नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटचा डेटा २०१८ च्या सप्टेंबरपासून सर्वांना खुला होऊ लागला. आदित्य-एल१ चा डेटाही २०२५ च्या सुरुवातीपासून खुला होत आहे. पुणे जिल्ह्यात खोडदजवळ उभ्या असलेल्या जीएमआरटीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी नोंदलेली निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर संग्रहातून कोणालाही मिळू शकतात. हा सारा खर्च करदात्यांनी केला आहे. डेटा खुला आहे, पण तो वाचण्याचे साधन एखाद्या परवान्याच्या कुलपात असेल तर ‘खुला’ या शब्दाला काय अर्थ उरतो? ग्रंथालयाचे दार उघडे ठेवायचे आणि चष्मे भाड्याने द्यायचे, असा हा प्रकार होईल.

जीएमआरटीचेच एक उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचे विस्तीर्ण सर्वेक्षण केले. संग्रहातल्या त्या निरीक्षणांवर इंटेमा, जगन्नाथन, मूली आणि फ्रेल या चौघांनी स्वतंत्रपणे, स्वयंचलित प्रक्रिया चालवली आणि २०१७ साली नव्वद टक्के आकाश व्यापणारी, सुमारे ६ लाख २० हजार रेडिओस्रोतांची यादी प्रसिद्ध केली. आज जगभरचे खगोलशास्त्रज्ञ ती वापरतात. अँटेना त्याच, निरीक्षणे तीच. त्यांचे मोल कैक पटींनी वाढले ते प्रतिमा घडवणाऱ्या आज्ञावलीमुळे आणि ती हजारो तासांच्या निरीक्षणांवर न थकता चालवण्याच्या शिस्तीमुळे. अशी कामे माउसने बटणे दाबून होत नाहीत. ती लिपीबद्ध आज्ञांनी होतात आणि त्यासाठी संशोधनविश्वाने लिनक्स केव्हाच स्वीकारलेले आहे. नंतर राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी उन्नत जीएमआरटीच्या डेटासाठी ‘कॅप्चर’ ही आज्ञावली २०२१ मध्ये सर्वांसाठी खुली केली. ती कासा या मुक्त प्रणालीवर चालते. म्हणजे पुण्यातला संशोधक जे वापरतो तेच गुवाहाटीतला किंवा मदुराईतला एम.एस्सी.चा विद्यार्थी वापरू शकतो, विनामूल्य आणि त्याच आवृत्तीत. समता याला म्हणतात.

आता प्रतिपक्षाचे आक्षेप पाहू. ते टाळणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप : ‘सशुल्क सॉफ्टवेअर अधिक चांगले असते.’ काही बाबतींत खरे आहे. पिक्सइनसाइट हे सशुल्क सॉफ्टवेअर लिनक्सवर उत्तम चालते, केलेल्या प्रत्येक प्रक्रियेचा इतिहास जपते आणि गोंगाट कमी करण्यात त्याचा हात धरणारे थोडे आहेत. ज्याला शेकडो युरो परवडतात आणि ज्याचे ध्येय उत्तम खगोलछायाचित्र हे आहे, त्याने ते अवश्य विकत घ्यावे. माझा विरोध त्याला नाही. माझा विरोध आहे तो पदवीच्या विद्यार्थ्याला ‘याच्यावाचून गत्यंतर नाही’ असे सांगण्याला. ते असत्य आहे, आणि त्या असत्यातूनच दुसरे उत्तर जन्माला येते : चोरीची प्रत.

त्या चोरीच्या प्रतीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. कायदा आणि व्हायरस हे मुद्दे सर्वांना ठाऊक आहेत. मला वैज्ञानिक मुद्दा मांडायचा आहे. क्रॅक केलेल्या प्रतीची आवृत्ती खात्रीने सांगता येत नाही, तिच्यात कोणी काय बदलले ते कळत नाही, आणि शोधनिबंधात ‘मी हे सॉफ्टवेअर वापरले’ असे लिहिण्याची सोय राहत नाही. जे साधन वापरल्याचे उघड सांगता येत नाही, त्या साधनाने काढलेल्या निष्कर्षावर विश्वास कोणी आणि का ठेवावा? प्रयोगवहीत उपकरणाचे नाव लपवणारा विद्यार्थी आपण नापास करतो. मग इथे डोळेझाक का? एका कार्यशाळेत अशा प्रती पेनड्राइव्हवरून उघडपणे वाटल्या जाताना मी पाहिल्या आहेत, आणि वाटणारे हात शिक्षकांचे होते. विद्यार्थ्यांना त्या दिवशी प्रतिमाप्रक्रिया किती समजली ते ठाऊक नाही; लपवाछपवी मात्र पक्की शिकवली गेली.

दुसरा आक्षेप : ‘मुक्त सॉफ्टवेअरला वाली नसतो, उद्या ते बंद पडले तर?’ याला उत्तर म्हणून आयराफची कहाणी पाहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रकाशीय खगोलवेधशाळेत १९८० च्या दशकात घडलेली ही प्रणाली. कित्येक पिढ्यांनी दृश्यप्रकाशातले खगोलशास्त्र तिच्यावर केले. आपल्याकडचे अनेक प्रबंधही तिच्यावरच उभे आहेत. पुढे संस्थेने तिचा सांभाळ थांबवला. ३२ बिटांची जुनी घडण नव्या यंत्रांवर अडखळू लागली. मॅकने तर २०१९ मध्ये ३२ बिटांच्या आज्ञावल्या चालवणेच बंद केले. भरीला तिच्या पोटात एका प्रसिद्ध पाठ्यपुस्तकातले आज्ञालेख होते आणि त्यांच्या परवान्यामुळे ती मोकळेपणाने वाटता येत नव्हती. मालकीचे सॉफ्टवेअर असते तर कहाणी इथेच संपली असती. पण मूळ आज्ञालेख उपलब्ध होते. वापरकर्त्यांच्या समुदायाने ते हाती घेतले, ६४ बिटांसाठी सुधारले, अडचणीचे भाग काढून नव्याने लिहिले, आणि आज आयराफ लिनक्सवर चालते. संस्था थांबली तरी साधन जगले, कारण ते वाचता येत होते.

सौरभौतिकीत याची दुसरी बाजू दिसते. सूर्याच्या प्रतिमांचे विश्लेषण दीर्घकाळ ‘सोलरसॉफ्ट’वर होत आले आणि ते आयडीएल या परवानाधारी भाषेवर बेतलेले आहे. पैसे असलेल्या संस्थेतला विद्यार्थी काम करी, नसलेल्या संस्थेतला वाट पाही. आज पायथॉनवर आधारलेले, मुक्त असे सनपाय उपलब्ध आहे. आदित्य-एल१ च्या प्रतिमा पाहू इच्छिणाऱ्या महाविद्यालयाने पहिले पाऊल कोठे टाकावे, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा आक्षेप नवा आहे : ‘कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने एका क्षणात प्रतिमा धारदार करतात, मग हा खटाटोप कशाला?’ कारण धारदार होणे आणि खरे असणे या भिन्न गोष्टी आहेत. न्यूरल नेटवर्क आधी पाहिलेल्या प्रतिमांच्या आधारे इथे काय असायला हवे याचा अंदाज बांधते. अंदाज पुष्कळदा बरोबर असतो. पण विज्ञानाला रस असतो तो नेमका अंदाज चुकतो तिथे. अनपेक्षित ठिपका ‘गोंगाट’ म्हणून पुसला गेला तर अतिनवतारा पुसला गेला असे समजा. कोणत्या प्रतिमांवर ते नेटवर्क शिकवले, हेही बहुधा वापरणाऱ्याला पाहता येत नाही. शोभेसाठी खुशाल वापरा. मोजमापाच्या वाटेवर त्याला पाऊल ठेवू देऊ नका.

इथे १० एप्रिल २०१९ ची आठवण करून द्यावीशी वाटते. एम८७ दीर्घिकेतील कृष्णविवराची ती प्रतिमा आपण सर्वांनी पाहिली. ती जगापुढे आणण्यापूर्वी चार गटांनी एकमेकांशी न बोलता त्याच डेटावरून स्वतंत्र प्रतिमा घडवल्या. त्यानंतर तीन वेगवेगळ्या आज्ञावल्यांनी पुन्हा पडताळा घेतला. सर्वांतून तेच कडे दिसले, तेव्हाच ते जाहीर झाले. डेटा आणि आज्ञालेखही पुढे खुले केले गेले. शतकातली सर्वांत गाजलेली खगोलप्रतिमा अशा चाळणीतून जाते, आणि आपल्याकडे ‘विद्यार्थ्याने टिपली अद्भुत दीर्घिका’ ही बातमी मूळ फाइल न विचारता राष्ट्रीय होते. विद्यार्थ्याचे कौतुक जरूर करा. पण त्याला मूळ फाइल मागणे हाही कौतुकाचाच भाग आहे, कारण त्यातून आपण त्याला संशोधक म्हणून वागवतो.

चौथा आक्षेप : ‘लिनक्स कठीण आहे.’ केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुले वर्षानुवर्षे लिनक्सवर संगणक शिकत आहेत. शाळकरी मुलांना जे जमते ते भौतिकशास्त्राच्या पदवीधराला झेपणार नाही, हा युक्तिवाद मला पदवीचा अपमान वाटतो. खुद्द केंद्र सरकारने २०१५ साली आपल्या कारभारात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांपर्यंत ते अजून पुरते झिरपलेले नाही, ही गोष्ट निराळी.

मान्य करायला हवे अशा उणिवाही आहेत. काही कॅमेऱ्यांचे निर्माते लिनक्सकडे पाहतच नाहीत; तिथे इंडी या मुक्त ग्रंथालयाचा आधार घ्यावा लागतो आणि दर वेळी तो पुरतोच असे नाही. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या यूव्हीआयटी दुर्बिणीच्या प्रतिमांसाठी अनेक संशोधक वापरतात ती सीसीडीलॅब ही गुणी आज्ञावलीही विंडोजसाठी लिहिलेली आहे. पण उणीव दिसली की पळ काढायचा, की ती भरून काढायला हातभार लावायचा? त्याच यूव्हीआयटीच्या डेटावरून प्रकाशवक्र काढणारे ‘कर्व्हिट’ हे मुक्त पायथॉन साधन भारतातच लिहिले गेले. तुम्हाला पुढचे साधन लिहिण्यापासून कोण अडवते आहे?

तेव्हा निवड कशी करावी? मी नावे घेऊनच सांगते.

फाइल उघडून पाहायची असेल तर डीएस९. फिट्स या स्वरूपातली प्रतिमा, तिच्या शीर्षकातल्या नोंदी आणि प्रत्येक पिक्सेलचा आकडा त्यात दिसतो. फिट्स हे स्वरूप १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जुन्या फाइली कायम वाचता आल्या पाहिजेत हे तत्त्व त्याच्या सांभाळात आजवर पाळले गेले आहे. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपली प्राचीन हस्तलिखिते जपण्यासाठी हेच स्वरूप निवडले. तुम्हीही मूळ प्रतिमा यातच जपा.

स्वतःच्या कॅमेऱ्यातल्या प्रतिमांचे शुद्धीकरण, जुळणी आणि रचण यांसाठी सिरिल. आयरिस या विंडोजवरच्या जुन्या सॉफ्टवेअरचे नाव उलटे लिहून त्याला लिनक्सचा ‘ल’ जोडला, असा या नावाचा उगम. ते ३२ बिटांत काम करते, आणि त्याची संपूर्ण कृती साध्या मजकुराच्या लिपीत लिहून ठेवता येते. ती लिपी मित्राला पाठवा. तोच आकडा त्याच्याकडे आला तर तुमचे काम उभे राहिले. परग्रहांची अधिक्रमणे आणि रूपविकारी तारे मोजायचे असतील तर अ‍ॅस्ट्रोइमेजजे.

प्रतिमेतला प्रत्येक तारा आकाशात नेमका कोठे, हे शोधायला अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेटची आज्ञावली स्वतःच्या यंत्रावर बसवा. हजारो स्रोत एकदम शोधून मोजायचे असतील तर १९९६ पासून वापरात असलेले एसएक्स्ट्रॅक्टर. संशोधनाकडे जायचे असेल त्याने अ‍ॅस्ट्रोपाय आणि त्याच्या परिवारातील सीसीडीप्रोक व फोटयुटिल्स शिकावेत. रेडिओ प्रतिमांसाठी कासा. यांपैकी बहुतेक साधने डेबियनच्या ‘अ‍ॅस्ट्रो’ संचात एका आज्ञेसरशी मिळतात. सगळे मोजून झाल्यावर, अगदी शेवटी, मित्रमंडळींना दाखवायचे चित्र गिम्पमध्ये हवे तसे रंगवा. क्रम मात्र चुकवू नका : आधी मोजमाप, मग शोभा.

शेवटी शिक्षकांना आणि संस्थांना एक मागणे. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याकडून अंतिम चित्र घेऊ नका. त्याऐवजी तीन गोष्टी मागा : मूळ फिट्स फाइल, कृतीची लिपी, आणि सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती. मग ती लिपी दुसऱ्या विद्यार्थ्याला चालवायला द्या. दोघांचा आकडा जुळला तर दोघांनाही गुण. यासाठी निधी लागत नाही, निविदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर आज संध्याकाळी सुरुवात होऊ शकते.

विद्यार्थ्यांनो, तुम्हाला दुर्बीण मिळेल न मिळेल. हान्लेच्या किंवा देवस्थळच्या दुर्बिणीवर वेळ मिळवण्यासाठी रांगेत उभे राहावे लागेल. पण या देशाच्या पैशाने गोळा केलेल्या प्रतिमा संग्रहात पडून आहेत आणि त्या वाचण्याची साधने तुमच्या हाताशी आहेत. कोणाची चोरीची प्रत मागण्याची, कोणासमोर मान खाली घालण्याची तुम्हाला गरज नाही. एक फाइल उतरवा, तिच्यातला एक तारा मोजा, आणि तो आकडा तुम्ही कसा काढला हे असे लिहा की अनोळखी माणसालाही तो पुन्हा काढता येईल.

मतभेद असतील तर खाली जरूर लिहा. फक्त सोबत मूळ फाइल जोडा.